४० बाय ५० च्या प्लॉटवर उजेड आणि आडोसा: आधी सेक्शन मागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याजवळ ४० बाय ५० फुटांचा प्लॉट, रस्ता पश्चिमेला; उत्तरेला आणि दक्षिणेला पाच-पाच फूट मार्जिन (हद्दीपासूनची मोकळी जागा) सोडून शेजाऱ्यांची घरं. खिडक्या मोठ्या ठेवल्या तर पडदे कायम ओढलेले, लहान ठेवल्या तर भरदिवसा दिवे.

प्लॅन सध्या बाजूला ठेवा आणि आर्किटेक्टकडे सेक्शन, म्हणजे घराचा उभा छेद मागा, तोही शेजारच्या घरासकट. शेजारचा प्लॉट आज रिकामा असला तरी तिथे दुमजली घर उभं आहे असंच धरा. कोण कुठून किती आत बघू शकतं ते प्लॅनवर कळत नाही, उभ्या छेदावर लगेच कळतं.

हिशेब करून बघा. जोतं २ फूट, मजला १० फूट. शेजारी पहिल्या मजल्याच्या खिडकीत उभा राहिला की त्याचा डोळा जमिनीपासून साधारण १७ फुटांवर. दोन भिंतींत अंतर १० फूट. तुमच्या तळमजल्याच्या खिडकीचं लिंटेल (खिडकीच्या डोक्यावरची आडवी पट्टी) जमिनीपासून ९ फुटांवर. त्याची नजर लिंटेलखालून शिरते आणि फरशीवर जवळजवळ पावणेनऊ फूट आत पोचते, म्हणजे अर्धी खोली. आता त्याच लिंटेलला २ फुटांचा छज्जा द्या: नजर फरशीवर ५ फुटांतच थांबते, आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाचं डोकं खिडकीपासून फूटभर आत असलं तरी दिसत नाही. खिडकी लहान केली नाही, पडदाही लावला नाही. मार्जिनमध्ये छज्जा किती काढता येतो ते मंजुरीच्या नियमांत तपासून घ्या. पाच फुटी कंपाउंडची भिंत वरून येणाऱ्या नजरेला काहीच करत नाही, ती फक्त रस्त्यासाठी.

पहिल्या मजल्यावर गोष्ट वेगळी, तिथे समोरासमोर नजर येते. शेजाऱ्याची खिडकी कुठे आहे ते मोजून आपली दोन-तीन फूट सरकवा. ते जमत नसेल तर सिल, म्हणजे खिडकीचा खालचा काठ, फरशीपासून साडेपाच फुटांवर घेऊन आडवी लांब खिडकी करा. उभ्या माणसाच्या डोळ्याच्या वरून उजेड येतो आणि छतावर पसरतो, त्यामुळे खोली खोलवर उजळते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे बीम. १० फुटांच्या मजल्यात दीड फुटाचा बीम खाली लोंबला की या खिडकीची छतालगतची दीड फूट जागा जाते. आरसीसी ड्रॉइंग निघण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला सांगा, त्या भिंतीवरचा बीम उलटा, म्हणजे स्लॅबच्या वर घ्यायला. मात्र वर खोली असेल तर तो तिथल्या भिंतीखालीच लपला पाहिजे. स्लॅब पडल्यावर हे सुचून उपयोग नाही.

दक्षिणेच्या उन्हाबद्दल फार आशा ठेवू नका. पुण्यात डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. शेजारचं घर पॅरापेटसकट (गच्चीच्या कठड्यासकट) २५ फूट धरलं तर त्याची सावली तुमच्या भिंतीवर १४ फुटांपर्यंत चढते. म्हणजे अख्खा तळमजला सावलीत, ऊन मिळणार ते वरच्या मजल्याला. ज्यांना थंडीत ऊन हवं, त्या आजी-आजोबांची खोली जिन्यामुळे वर नेता येत नसेल, तर तळमजल्याला उजेड मध्यातूनच आणावा लागतो.

म्हणून चौक, म्हणजे घराच्या मधोमध वरून उघडं अंगण. जुन्या वाड्यांचं हेच गणित होतं. पण चार बाय चारचा डक्ट म्हणजे चौक नव्हे, वीस फूट खाली त्यातून उजेड उतरत नाही. किमान ८ बाय १० ठेवा, आतल्या भिंतींना पांढरा रंग. चौकाची फरशी घरापेक्षा तीन इंच खाली, पाणी जायला ४ इंची पाइपची दोन तोंडं. एक पानांनी तुंबलं तर दुसरं चालू राहतं. टाइल्स लावण्याआधी वॉटरप्रूफिंग करून ४८ तास पाणी साठवून बघा. वर लोखंडी ग्रिल. आणि स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट चौकात सोडू नका, नाहीतर खालच्या फोडणीचा खकाणा वरच्या बेडरूममध्ये. चौकाभोवतीच्या खिडक्याही समोरासमोर नकोत; घरातल्या घरातही आडोसा लागतोच.

पश्चिमेला छज्ज्याचा भरवसा नाही. एप्रिलमध्ये पाच वाजता सूर्य जेमतेम २५ अंशांवर येतो, दोन फुटी छज्जा खिडकीची वरची फूटभर पट्टीच झाकतो. इथे टेराकोटा जाळी किंवा उभ्या पट्ट्या हव्यात. जाळीचं भोक २ इंच आणि जाडी ४ इंच असली तर साधारण २६ अंशांपेक्षा तिरकी नजर आत जात नाही. रस्त्यावरून चालणाऱ्याला घर दिसत नाही, अगदी समोर थांबून बघणाऱ्याला थोडं दिसतं. जाळीवर भार नको, दर तीन-चार फुटांवर पातळ आरसीसी पट्टी घाला. आतून मच्छरजाळीचं उघडणारं दार ठेवा; पक्की बसवली तर भोकांतली धूळ कधीच निघत नाही.

रिफ्लेक्टिव्ह काचेवर पैसे घालण्याआधी एक लक्षात घ्या: ती दिवसाच काम करते. आत दिवा लागला आणि बाहेर अंधार पडला की उलट होतं, बाहेरच्याला सगळं दिसतं. जाळीचंही तेच. म्हणून रस्त्याकडच्या प्रत्येक उघड्या भागाला रात्रीसाठी आतून पडदा किंवा लाकडी झडप लागणारच, तिची जागा आणि रॉड आधीच ठरवा. बाथरूमला खालचं तावदान दुधी काचेचं, वरचं साधं, एवढं पुरतं.

वीटकाम लिंटेलपर्यंत आलं की संध्याकाळी आत एक हॅलोजन लावा, एकाला रस्त्यावर आणि एकाला शक्य असेल तर शेजारच्या गच्चीवर उभं करा. सिल चार विटांनी चढवायची असेल तर ती गिलाव्याच्या आधी, खिडक्यांची ऑर्डर देण्याच्याही आधी.