नवीन ऑटोमॅटिक गाडी हादरते आणि कंपनी म्हणते 'असंच असतं'. नाशिकमध्ये काय करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार महिन्यांपूर्वी नाशिकच्या शोरूममधून १४ लाखांची, सात गिअरची ड्युअल क्लच पेट्रोल गाडी घेतली. जेमतेम ३,८०० किलोमीटर झालेत. गरम झाली की निघताना आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथरते, कसारा घाटात ट्रॅफिकमध्ये दोनदा गिअरबॉक्सचा दिवा लागला. वर्कशॉपने दोनदा 'सॉफ्टवेअर टाकून' परत दिली आणि आता कस्टमर केअर लिहितंय की हे या मॉडेलचं नॉर्मल आहे. गाडी बदलून मिळेल का?

कडू उत्तर आधी देतो. अख्खी गाडी बदलून मिळणं अवघड आहे. क्लच किंवा पूर्ण गिअरबॉक्स नवीन बसवून मिळणं शक्य आहे. तेही करून दोष गेला नाही, हे कागदावर आणता आलं तर पैसे परत मागता येतात. अमेरिकेतल्यासारखा लेमन लॉ, म्हणजे सदोष गाडी परत घ्यायला लावणारा कायदा, आपल्याकडे नाही, त्यामुळे 'इतक्यांदा दुरुस्ती फसली की गाडी परत' असा ठरलेला आकडाही नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योगच्या प्रकरणात क्लचच्या तक्रारीवरून गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला होता. वॉरंटीत कंपनीने सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून द्यायचं कबूल केलं आहे, गाडी नव्हे, असा त्याचा रोख. कंपन्यांचे वकील हा निकाल हमखास पुढे करतात. पण २०१० साली फियाटच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने गाडी स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासायला लावली आणि मूळ उत्पादनदोष निघाला तर किंमत व्याजासह परत द्या असं सांगितलं. तुमची लढाई या दोन निकालांच्या मधल्या जागेत आहे: तोच दोष, दुरुस्तीनंतरही कायम, आणि हे तुम्ही नव्हे तर तज्ज्ञाने म्हटलेलं.

आता दोष नक्की कुठे असू शकतो ते बघू, कारण वर्कशॉपमध्ये 'गाडी हादरते' एवढंच सांगितलंत की तुम्हाला गुंडाळणं सोपं जातं. सात गिअरच्या बऱ्याच ड्युअल क्लच गाड्यांत क्लच सुके असतात. तुमचीही तशीच धरतो. आत दोन क्लच. साधारणपणे एकावर १-३-५-७, दुसऱ्यावर २-४-६ आणि रिव्हर्स. सुक्या क्लचला थंड करायला तेल नसतं, उष्णता जाते ती फक्त हवेवाटे. रांगत्या ट्रॅफिकमध्ये क्लच अर्धवट लागलेला राहतो, प्लेट तापते, तिच्यावर काचेसारखी चकाकी येते, मग ती एकसारखी न पकडता धरते-सोडते. हाच तुमचा हादरा. सॉफ्टवेअर टाकतात तेव्हा बहुतेक वेळा कॉम्प्युटरला क्लच कुठे पकडतो ते नव्याने शिकवलेलं असतं. प्लेटवर चकाकी आली असेल तर तिला याचा काही उपयोग नाही. काही दिवस बरं वाटतं आणि ये रे माझ्या मागल्या.

रिकाम्या पार्किंगमध्ये गरम गाडीवर तीन गोष्टी करून पाहा. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीला हलका रेस द्या. तेव्हाही थरथरली तर संशय इंजिनवर किंवा त्याच्या माउंटिंगवर, म्हणजे इंजिन ज्या आधारांवर बसवलेलं असतं त्यांच्यावर. डी मध्ये ब्रेक दाबून उभं असतानाच कंप येत असेल तर बहुधा माउंटिंग. आणि हलक्या चढावर रिव्हर्स घ्या: रिव्हर्स आणि दुसरा दोन्ही थरथरले तर सम गिअरचा क्लच, फक्त निघतानाचा पहिला थरथरला तर विषम गिअरचा. थरथर ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंगमध्ये येत असेल तर तो व्हील बॅलन्सिंगचा विषय, फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्कचा. हे वेगळं करून सांगितलंत की सर्व्हिस ॲडव्हायझर जरा सरळ बसतो.

सगळ्यात मोठी गोम टेस्ट ड्राइव्हची. तंत्रज्ञ सकाळी दहाला थंड गाडी घेऊन अंबड लिंक रोडवर चक्कर मारतो, काहीच होत नाही, आणि जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या तक्रार आणि कामाच्या नोंदीच्या कागदावर, येतं 'नो प्रॉब्लेम फाउंड'. तुमचा दोष गरम गाडीचा आहे. संध्याकाळी सातला द्वारका चौकातून अर्धा तास सरकत थेट वर्कशॉपला न्या, किंवा फ्लोअर मॅनेजरला शेजारी बसवून तोच रस्ता दाखवा. आधी लेखी वेळ मागून घ्या, कारण त्या वेळी वर्कशॉप बंद व्हायला आलेलं असतं. घरच्या कुणाला शेजारी बसवून व्हिडिओ काढा: एकाच चौकटीत आरपीएमचा काटा, गिअरचा आकडा आणि ओडोमीटर. बाहेरचं दृश्य नको, दोष काट्यात दिसतो.

आणि जॉब कार्ड. पुढे ग्राहक आयोगात जे काही होईल ते या एका कागदावर होईल. ॲडव्हायझर टॅबवर 'जनरल चेकअप' निवडतो आणि सही मागतो. तिथेच थांबा. ग्राहकाची तक्रार लिहायच्या रकान्यात पूर्ण वाक्य लिहून घ्या: 'गाडी ३०-४० मिनिटं चालून गरम झाल्यावर ५ ते २० किमी वेगाला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हादरते, तारीख अमुक रोजी गिअरबॉक्सचा दिवा लागला.' मग प्रत्येक भेटीत हेच वाक्य, शब्दही न बदलता. लोक इथेच चुकतात. पहिल्यांदा 'जर्क', दुसऱ्यांदा 'आवाज', तिसऱ्यांदा 'पिकअप कमी' असं लिहिलं की कंपनी तीन वेगवेगळ्या तक्रारी दाखवते आणि प्रत्येक एका भेटीत सोडवली म्हणते. गाडी देताना आणि घेतानाचं रीडिंग, वेळ, काम करण्याआधीचा आणि नंतरचा स्कॅन रिपोर्ट छापून मागा. वॉरंटीचं बिल शून्याचं असतं म्हणून बरेचदा देत नाहीत, तेही मागा. दोन्ही जुन्या भेटींचे कागद नसतील तर चेसिस नंबर देऊन पूर्ण सर्व्हिस हिस्ट्री ईमेलने मागवा.

गाडी परत घेताना समाधानाच्या स्लिपवर नुसती सही करू नका. वर लिहा: 'दोष कायम आहे, निषेध नोंदवून गाडी ताब्यात घेतली', तारीख घाला, फोटो काढा. दोन दिवसांनी फीडबॅकचा फोन येतो. त्याआधीच ॲडव्हायझर गयावया करतो, 'सर, १० पैकी १० द्या, माझा इन्सेंटिव्ह आहे.' बिचाऱ्याचं खरंही असतं. पण तोच १० चा आकडा उद्या 'ग्राहक समाधानी होता' म्हणून तुमच्यासमोर ठेवला जाऊ शकतो.

कंपनीचे दोन बचाव आधीच धरून चाला. एक, क्लच ही झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत नाही. वॉरंटी पुस्तिकेतलं ते कलम नीट वाचा. बहुतेक ठिकाणी वगळलेली असते ती 'सामान्य झीज', आणि ३,८०० किलोमीटरला क्लच झिजणं सामान्य नव्हे. दोन, तुमची चालवायची पद्धत. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवत असाल तर आजपासून बंद करा. ब्रेक किंवा ऑटो होल्ड वापरा, पुढे थोडी जागा होऊ द्या, मग न रखडता निघा. बाहेर वायर कापून लावलेले दिवे, हॉर्न असतील तर त्यांचंही खापर फोडतील. स्वस्तातला स्कॅनर लावून एरर कोड पुसू नका. कोडसोबत त्या क्षणाचा वेग, आरपीएम आणि तापमान साठवलेलं असतं, ते तुमच्याच बाजूचं आहे.

तिसऱ्या भेटीतही दोष राहिला तर वर जायचं. डीलरचा सर्व्हिस मॅनेजर, मग कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर. त्याच्यासोबत गाडीची संयुक्त तपासणी ईमेलवर मागा. मागणी मोघम नको: 'क्लच संच बदला, काढलेली प्लेट दाखवा, नव्या भागावर लेखी वॉरंटी द्या.' १५ दिवस द्या. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका. त्यांना आदेश देता येत नाही, पण कंपनीच्या मुख्यालयातून फोन येतो तो बरेचदा त्यानंतरच. याच सुमारास 'एक्स्टेंडेड वॉरंटी फुकट देतो, इथे सही करा' असा प्रस्ताव येईल. कागदावर 'पूर्ण व अंतिम समझोता' असेल तर सही नाही.

आरटीओत खेटे घालू नका. पेठ रोडचं ऑफिस डीलरला गाडी बदलायला लावू शकत नाही. एकच गोष्ट सरकारी रस्त्याने न्यावी: घाटात गिअर सुटून गाडी न्यूट्रलला जात असेल तर तो सुरक्षेचा दोष आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ खाली केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं आणि त्यासाठीची तक्रार परिवहनच्या पोर्टलवर मालकाला नोंदवता येते. नुसत्या थरथरीवर तिथे फार काही होणार नाही.

शेवटी ग्राहक आयोग. गाडीची किंमत ५० लाखांच्या आत आहे, म्हणजे जिल्हा आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय चेन्नईला असो की गुरुग्रामला. १० ते २० लाखांच्या वस्तूला फी ४०० रुपये. तक्रार दाखल करायची मुदत २ वर्षं. ऑनलाइनही दाखल होते आणि वकील सक्तीचा नाही. मात्र उत्पादनदोषाच्या प्रकरणात मी वकील घेईन, कारण समोर तांत्रिक उलटतपासणी असते. डीलर आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा. २०२१ मध्ये टाटा मोटर्सच्या गोव्यातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की डीलरची चूक आपोआप कंपनीची ठरत नाही. गाडी फर्मच्या नावावर धंद्यासाठी घेतली असेल तर 'तुम्ही ग्राहकच नाही' हा पहिला आक्षेप येईल. स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला मात्र कायद्यात सूट आहे.

तक्रारीसोबतच याच कायद्याच्या कलम ३८ खाली तज्ज्ञ तपासणीचा अर्ज द्या, पुढच्या तारखांवर ढकलू नका. पुण्याची एआरएआय ही वाहन तपासणी संस्था किंवा सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विभाग सुचवता येतो. तपासणीची फी आधी तुम्हाला भरायला सांगू शकतात. मागण्या उतरत्या क्रमाने मांडा: पैसे आणि टॅक्स परत, नाहीतर नवी गाडी, नाहीतर पूर्ण गिअरबॉक्स वॉरंटीसह, शिवाय भरपाई. नुसती 'नवी गाडी द्या' एवढीच मागणी २००६ च्या निकालावर आपटते. विरुद्ध पक्षाला उत्तराला ३० दिवस आणि फार तर १५ वाढीव. तपासणी लागणारी तक्रार ५ महिन्यांत निकाली काढावी असं कायदा म्हणतो; वर्ष-दोन वर्षं धरूनच चला.

या काळात हप्ते थांबवू नका, सिबिल तुमचंच बिघडेल. गाडी वर्कशॉपला असलेल्या दिवसांची टॅक्सीची बिलं ठेवा. खूप चालवलीत तर दोष किरकोळ होता असं म्हणतील, अंगणात उभी करून ठेवलीत तर बॅटरी मरेल, टायर चपटे होतील आणि त्याचं बिल तुमच्या नावावर येईल. आठवड्यातून एकदा २०-२५ किलोमीटर फिरवा, सर्व्हिस वेळेवर करा, आणि दर सर्व्हिसच्या जॉब कार्डवर तेच वाक्य पुन्हा लिहून घ्या.