वाचकांचे प्रश्न : विमानाला मोटारीचे इंजिन

प्रश्न : घरी बांधलेल्या एकआसनी विमानांत बहुधा जुन्या फोक्सवॅगन बीटलचे इंजिन असते आणि ते जेमतेम 50-60 अश्वशक्ती देते, असे वाचले. आजच्या लहान मोटारीचे 100 अश्वशक्तीचे इंजिन का बसवत नाहीत?

उत्तर : काही जण बसवतात, पण ही अश्वशक्ती इंजिन मिनिटाला किती फेरे घेते तेव्हा मिळते, हे आधी पाहावे लागते. आजच्या इंजिनाची पूर्ण ताकद साधारण 5500 फेऱ्यांच्या आसपास मिळते. दीड मीटर व्यासाचा पंखा त्या गतीने फिरवला, तर त्याच्या पात्याचे टोक सेकंदाला सुमारे 430 मीटर वेगाने, म्हणजे ध्वनीपेक्षा जलद जाईल. मग आवाज प्रचंड आणि ओढ कमी. म्हणून मध्ये गिअर किंवा पट्टा घालून फेरे कमी करावे लागतात. त्याने वजन वाढतेच, शिवाय इंजिनातल्या प्रत्येक स्फोटाचा झटका आणि जड पंख्याचे जडत्व यांची एखाद्या ठराविक गतीला लय जुळली की पंखा फिरवणाऱ्या दांड्याला (शाफ्टला) पीळ बसून तो तुटू शकतो. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे, इंजिनात नाही.

बीटलचे इंजिन हवेने थंड होते, त्यामुळे रेडिएटर आणि पाणी वाचते. शिवाय ते 3200-3400 फेऱ्यांवर पंखा थेट फिरवू शकते. अमेरिकेत बर्नार्ड पिटनपोल यांनी 1929 मध्ये फोर्ड मॉडेल एचे इंजिन विमानाला जोडले, तेही याच हिशेबाने, कारण त्याची 40 अश्वशक्ती अवघ्या 2200 फेऱ्यांवर मिळत असे. फ्रान्सच्या रॉजर द्रुईन यांच्या एकआसनी 'टर्ब्युलंट'ला तर फोक्सवॅगनचे 30 अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन पुरले. एकाच माणसाला उचलायचे असेल, तर फार ताकद लागत नाही.

मात्र मोटार सपाट रस्त्यावर ताकदीचा थोडाच भाग वापरते. विमान चढताना ती सगळी आणि पुढे तासभर निम्म्याहून बरीच अधिक मागते. त्यामुळे बीटलच्या इंजिनाचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपा, तापून जळतात, म्हणून जाणकार सिलिंडर हेडचे (सिलिंडरच्या झाकणाचे) तापमान दाखवणारा मापक लावल्याशिवाय उड्डाण करत नाहीत. मूळ हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरला एकच स्पार्क प्लग असतो. तो बंद पडला तरी काम भागावे म्हणून काही जण हेडला दुसरे भोक पाडून आणखी एक प्लग बसवतात.