कातरण्याआधी ऊन बघ

चि. छायाचित्रकारास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले विमानांचे फोटो मोठ्या पडद्यावर निवांत बघितले. तुझा प्रश्न क्रॉपचा होता: विमान फ्रेममध्ये कुठे ठेवायचं, किती कापायचं. पण यातल्या निम्म्या फोटोंचं दुखणं क्रॉपचं नाहीच, उन्हाचं आहे. पोट काळंकुट्ट आणि पाठ पांढरीफटक असलेलं विमान कुठूनही काप, ते तसंच दिसणार.

मुंबईचंच घे. मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम. बहुतेक वेळा विमानं घाटकोपर-कुर्ल्यावरून येतात आणि पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. म्हणजे त्यांची डावी बाजू दक्षिणेला. डिसेंबरात इथला सूर्य ऐन दुपारीसुद्धा 47-48 अंशांपेक्षा वर चढत नाही आणि दिवसभर दक्षिणेकडेच राहतो. तेव्हा विमानाच्या वाटेच्या दक्षिणेला उभा राहिलास की ऊन तुझ्या पाठीशी. सकाळी ते शेपटीच्या बाजूने पडतं, दुपार कलल्यावर नाकाच्या बाजूने. मला दुसरं आवडतं; कॉकपिटच्या काचा आणि इंजिनांची तोंडं तेव्हाच उघडतात.

मे महिन्याच्या मध्यावर हे सगळं गणित बिघडतं. शून्य सावलीचा दिवस तुला ठाऊक आहेच. सूर्य बरोबर डोक्यावर, त्यामुळे सगळं ऊन पाठीवर आणि पोट अंधारात. त्यात इंडिगोच्या विमानाचं पोट मुळातच गडद निळं! अशा दुपारी घरी बसून जुने फोटो निवडावेत. संध्याकाळी सूर्य वाटेच्या उत्तरेला सरकलेला असतो, म्हणजे तूही बाजू बदलायला हवी. डिसेंबरातली लाडकी जागा मे महिन्यात तुला विमानाची अंधारी बाजूच दाखवणार. पावसाळ्यात तर उन्हाची वाटच बघू नकोस. तेव्हा ओल्या धावपट्टीवर उडणारे फवारे आणि पंखांवर धरणारी वाफ टिपायची.

एक्सपोजर, म्हणजे फोटो किती उजळ यायचा ते, कॅमेऱ्यावर सोडू नकोस. मागे पांढुरकं आकाश असलं की तो विमान काळवंडवतो. तेच विमान खाली येऊन झाडी किंवा डोंगर मागे आला की पांढऱ्या रंगाचा तपशील पार उडवतो. विमानावरचं ऊन या काही सेकंदांत बदललेलं नसतं, बदलते फक्त मागची बाजू. म्हणून मॅन्युअलवर ठेव, पांढऱ्या रंगावरून एकदा ठरव, आणि ढग आडवा येईपर्यंत हात लावू नकोस.

आता तुझी कात्री. एअरबसचं ए320 विमान साधारण साडेसदतीस मीटर लांब आणि पावणेबारा मीटर उंच. बाजूने पाहिलं तर उंचीच्या तिप्पट लांबी. कॅमेऱ्याच्या 3:2 च्या चौकटीत ते आडवं भरलं तरी वर-खाली बरीच जागा उरते, आणि ती बघून तुझे हात शिवशिवतात. तू सगळे फोटो रेल्वेच्या डब्यासारखे लांबट करून टाकलेत. बोइंगचं लांबलचक 777-300ईआर असेल तर एक वेळ समजू शकतो, ते लांबीला उंचीच्या जवळपास चौपट असतं. पण उरलेली जागा रिकामी होती का? तुझ्या सातव्या फोटोत खाली पत्र्याची छपरं, निळी ताडपत्री आणि पाण्याच्या टाकीवर उभा राहून वर बघणारा पोरगा आहे, हे मला मूळ फाइल मागवल्यावर कळलं. तू त्याला कापून निळ्या आकाशातलं एक विमान ठेवलंस. तसलं विमान फ्रँकफर्टलाही मिळतं रे.

फोटो सरळ करताना विमानाच्या अंगावरून सरळ करू नकोस. उतरताना त्याचं नाक थोडं वर असतंच. ते आडवं पाडलंस की मागच्या इमारती कलतात. इमारतींच्या उभ्या कडा धर. फिरवल्यावर कोपरे कापले जातात, म्हणून टिपताना चारही बाजूंना सैल ठेव. पंखाचं टोक किंवा चाक जरासं कापलेलं दिसलं की ती चूक वाटते. कापायचंच तर धीटपणे काप, नुसतं नाक आणि एक इंजिन ठेव.

आणि क्रॉप करून लांबचं विमान जवळ येत नाही. 24 मेगापिक्सेलची लांबी-रुंदी अर्धी केलीस तरी 6 मेगापिक्सेल उरतात, स्क्रीनला पुरे. पण तापलेल्या पत्र्यांवरून हवा थरथरत असली की खिडक्यांची रांग नागमोडी होते. क्रॉपने ती नागमोडही मोठी होते, आणि ती कुठल्याच सॉफ्टवेअरने धड जात नाही.

एटीआरबद्दल, म्हणजे बाहेर पंखे फिरणाऱ्या छोट्या विमानाबद्दल, वेगळं सांगतो. जेटसाठी शटर 1/1000 सेकंद ठीक, पण त्याने पंखे गोठतात आणि विमान हवेत टांगल्यासारखं दिसतं. उड्डाणाच्या वेळी त्याचा पंखा मिनिटाला सुमारे 1200 फेरे घेतो. 1/125 ला एक पातं जवळपास 58 अंश फिरतं, आणि सहा पात्यांमध्ये अंतर 60 अंशांचं. म्हणजे जवळजवळ पूर्ण चकती मिळते. दहातले आठ फोटो हलतील. हलू देत.

पुण्याला येशील तेव्हा लोहगावच्या कुंपणाशी कॅमेरा काढू नकोस. तो हवाई दलाचा तळ आहे. गोव्यात दाबोळीला नौदल आहे, तिथेही तेच. मुंबईतसुद्धा कुणाच्या गच्चीवर जायचं तर आधी विचारून जा, आणि पोलिसाने हटकलं तर वाद न घालता कॅमेरा पिशवीत टाक.

पुढच्या खेपेला न कातरलेल्या मूळ फाइली पाठव, प्रत्येकीखाली वेळ आणि तू कुठल्या बाजूला उभा होतास ते लिहून. आणि तो टाकीवरचा पोरगा मला परत हवा आहे.

तुझा,
काका