पोटात राहिलेला मॉप आणि पाचशेचा बॉण्ड

प्रश्न : आम्ही केज तालुक्यातले, ऊसतोडीला जातो. सव्वा वर्षापूर्वी खाजगी दवाखान्यात बायकोचं सिझर झालं. तेव्हापासून पोट दुखायचं. त्याच डॉक्टरांकडं दोनदा गेलो, गॅसच्या गोळ्या दिल्या. मागच्या महिन्यात लातूरला परत ऑपरेशन करून पोटातून रक्त टिपायचा कापडाचा मॉप काढला. एक लाख ऐंशी हजार गेले. आता पहिला दवाखाना पन्नास हजार देतो म्हणतो, बॉण्डवर सही मागतो. गावातले म्हणतात पोलिसात जा. काय करू?

उत्तर : दादा, सही करू नका. 'आमची काही तक्रार नाही' एवढ्या ओळीसाठीच तो पाचशेचा बॉण्ड आणलेला असतो.

आधी कागदं. दोन्ही दवाखान्यांत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर परत येऊ नका. ऑपरेशनची नोट, भुलीची नोंद, संमतीपत्र आणि मॉप मोजल्याची नोंद मागा. टाके घालण्याआधी मॉप मोजतात. तिथं 'संख्या बरोबर' लिहिलेलं असलं तरी घाबरू नका, ते खोटं असल्याचा पुरावा तुमच्या बायकोच्या पोटातून निघालाय. लातूरच्या नोटमध्ये मात्र 'मॉप' हा शब्द आहे का बघा. बरेच डॉक्टर 'फॉरेन बॉडी' लिहून एकमेकांना सांभाळून घेतात. मॉपचा फोटो काढला असेल तर तो मोबाइल विकू नका.

पोलिसांचं म्हणाल तर २००५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ते आधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी, मत मागतात. त्यात वर्ष जातं, अन् हाती भरपाई येत नाही. तुमची वाट बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगाची. दवाखान्याला दिलेले पैसे पाच लाखांच्या आत असले की फी लागत नाही.

दुसरा डॉक्टर साक्षीला येईल का, ही काळजी या खटल्यांत नेहमीची. तुमच्यासारख्या प्रकरणात ती कमी. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात नसबंदीच्या ऑपरेशनात एका बाईच्या पोटात असंच कापड राहिलं, ती दगावली. कापड आत राहिलं, हाच निष्काळजीपणा, असं सुप्रीम कोर्टानं १९९६ साली म्हटलं. भरपाई होती ३६ हजार. तेवढ्यासाठी तेहतीस वर्षं.

आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. 'मॉप तर मागच्या महिन्यात सापडला, अजून वेळ आहे' असं कुणी सांगेल. ऐकू नका. १९९३ च्या ऑपरेशनात पोटात गॉज (जाळीदार कापड) राहिलेल्या एका नर्सनं २००४ साली तक्रार केली. इतकी वर्षं दुखत असताना त्या डॉक्टरला विचारलं का नाही, म्हणून २०१० साली सुप्रीम कोर्टानं ती मुदतबाह्य ठरवली. तुम्ही दोनदा गेलात, ते केसपेपर जपा. तरीही दिवस सिझरपासूनच मोजा, म्हणजे नऊ महिने उरलेत.

भरपाईत दवाखान्याच्या बिलावर थांबू नका. ऊसतोडीत तुम्ही दोघं नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी त्यावरच. दुखण्यानं तिचा हंगाम बुडाला असेल तर मुकादमाच्या वहीत तुमचा अर्धा कोयता लागला असणार. बुडालेल्या मजुरीचा पुरावा तोच, त्या पानाचा फोटो आजच घ्या.