पहिला अर्ज लहान ठेवा

मॅडम, कळव्याच्या शाळेतल्या सहावीच्या विज्ञान प्रयोगांसाठी निधी मागणारा अर्ज करताय, मनापासून आनंद झाला. पहिल्या वेळी दहा-पंधरा हजारांचंच काम मागा. मोठ्या प्रयोगशाळेचं पुढे बघू.

नेहमीची चूक म्हणजे अर्जात वस्तूंची यादी असते, मुलं काय करणार ते नसतं. ‘पाच सूक्ष्मदर्शक हवेत’ यापेक्षा लिहा, ‘मुलं ठाण्यातल्या मासुंदा आणि कचराळी तलावांचं पाणी बाटल्यांत आणतील, गाळ खाली बसायला किती वेळ लागतो ते मोजतील.’ आमच्या एका विद्यार्थिनीने बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून दर तासाला पेनाने रेघ मारली होती. ती पट्टी अजून माझ्या कपाटात आहे. पैसे देणाऱ्याला हे असं डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे.

मग एवढं सांभाळा:
- मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची मंजुरी आधी घ्या. पैसे शाळेच्याच खात्यात.
- फेव्हिकॉल, सेल, झेरॉक्स, रिक्षाभाडं अंदाजपत्रकात धरा. आम्ही सेल विसरलो आणि काम पंधरा दिवस अडलं.
- पक्कं बिल त्याच दिवशी फायलीत.

कंपनीकडे मागणार असाल तर २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या सामाजिक जबाबदारीच्या यादीत शिक्षण येतं, हे पत्रात जरूर लिहा. कच्चा मसुदा झाला की पाठवा, मी वाचते.