पहिल्या आठवड्यात ‘नको’ म्हणू नकोस

तू लिहिलंयस, तू साताऱ्याची, जर्मनची ए-वन, म्हणजे पहिल्या पातळीची, परीक्षा झालीय आणि आता ओ पेअर म्हणून, म्हणजे घरात राहून त्यांची मुलं सांभाळायला, वर्षभर एका जर्मन कुटुंबात राहायला निघालीस. आईला घोर लागलाय, परक्या घरात पोरगी रुळणार कशी. मी सांगलीची, विश्रामबागची. तशाच घरात वर्ष काढलं, आता इथेच जर्मनीत नोकरी करते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जेवणाचं. आपल्याकडे वाढणाऱ्याने आग्रह करायचा आणि पाहुण्याने दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा ताट पुढे करायचं. इथे पहिलंच ‘नको’ खरं धरतात. संध्याकाळचं जेवण बहुतेक घरांत थंडच असतं, आबेंडब्रोट म्हणतात त्याला: ब्रेड, चीज, काकडीच्या चकत्या. पहिल्या संध्याकाळी मी एक तुकडा खाल्ला. घरच्या बाईंनी आणखी हवा का विचारलं, मी सवयीने नको म्हटलं आणि त्यांनी ब्रेडची टोपली उचलून आत नेली. रात्री खोलीत आईने बांधून दिलेल्या भडंगावर भागवलं. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, मला भूक लागते, संध्याकाळी गरम खायची सवय आहे. त्या कळवळल्या गं. त्यांना वाटत होतं मला त्यांचं जेवण रुचत नाही, आणि मला संकोच नको म्हणून त्या गप्प होत्या. त्याच दिवशी फ्रिजमधला एक कप्पा रिकामा करून दिला. नंतर आठवड्यातून एकदा मी पिठलं-भात करायचे आणि त्यांचा धाकटा मुलगा हाताने खायचा.

दुसरं, कामाचे तास. हे आईला वाचून दाखव. करारात आठवड्याला जास्तीत जास्त 30 तास आणि दिवसाला 6 तास असतात. संध्याकाळी पोरांजवळ थांबलीस तर तेही त्यातच धरायचे. आठवड्याला दीड दिवस सुट्टी, त्यात महिन्यातून एक तरी रविवार. महिना 280 युरो हातखर्च, भाषेच्या क्लाससाठी 70 युरो आणि विमा कुटुंबाने भरायचा. मुलांचं करणं आणि हलकं घरकाम एवढंच तुझं. माझे तास तिसऱ्या महिन्यात वाढत गेले, आणि घरातलंच आहे म्हणून मी करत राहिले. ते चुकलं. वहीत रोजचे तास लिहून दाखवले तेव्हा कोणी रागावलं नाही, पुढच्या सोमवारपासून वेळापत्रक बदललं. तू पहिल्या दिवसापासून वही ठेव. तरीही ऐकलं नाही तर कुटुंब बदलता येतं.

घरातले सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मोठ्यांनाही. तुलाही तसंच सांगतील. माझी जीभ वळायला दीड महिना लागला, पण काकू-मावशी शोधत बसू नकोस, त्यांना अवघडल्यासारखं होतं.

बाकी बारीकसारीक पटकन अंगवळणी पडतं. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा. पाण्याची प्लास्टिकची बाटली फेकायची नाही, दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की 25 सेंट परत मिळतात. रविवारी दुकानं बंद, तेव्हा शनिवारीच सामान आणायचं. थंडीतही खिडक्या दहा मिनिटं सताड उघडतात, नाहीतर भिंतीला बुरशी धरते, तेव्हा घाबरू नकोस. आणि पोचल्यावर पत्त्याची नोंदणी लगेच कर, मुदत दोन आठवड्यांची असते.

सामानात कंदी पेढे भरू नकोस, जीव कितीही तुटला तरी. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात न्यायला बंदी आहे. हळद, कांदा-लसूण मसाला, भडंग घे.

राहिली आई. रात्री पोरं झोपवून फोन करशील तर साताऱ्यात मध्यरात्र होत आलेली असेल. मुलं बालवाडीत असताना, इथल्या सकाळी 11 वाजता कर. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच असतात, ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे घेतली की साडेतीन. ही वेळ आत्ताच ठरवून आईला सांग आणि पहिल्या महिन्यात ती चुकवू नकोस.