क्रिकेट्स ऐकायला घेतोयस? आधी ड्रम्सकडे कान दे

क्रिकेट्स म्हणजे 1950 च्या दशकातला अमेरिकन रॉक अँड रोल बँड. त्याचा गायक-गिटारवादक बडी हॉलीचा चष्मा आणि त्याचा जीव घेणारा 3 फेब्रुवारी 1959 चा विमान अपघात सगळ्यांना माहीत असतो. तू मात्र सुरुवात बँडचा ड्रमर जेरी ॲलिसनच्या ड्रम्सपासून कर. ‘एव्हरीडे’मध्ये तो ड्रम वाजवतच नाही, मांड्यांवर थापट्या मारतो. ‘नॉट फेड अवे’मध्ये पुठ्ठ्याचं खोकं! ‘पेगी स्यू’ हेडफोन लावून ऐक: ड्रम्सवरची ती अखंड घरघर आणि त्यावर बडीची गिटार, सगळे फटकारे वरून खाली. तू गिटार शिकत असशील तर हे गाणं पूर्ण वेगात तसंच वाजवून बघ, मनगट भरून येईल.

टेक्ससमधल्या लबॉकची ही पोरं शेजारच्या राज्यात, क्लोव्हिसला नॉर्मन पेटीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग करायची. दोन गिटार, बेस, ड्रम्स आणि गाणी बरीचशी स्वतःची. हाच साचा इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या पोरांनी, म्हणजे पुढच्या बीटल्सनी, उचलला. 1958 साली त्यांच्यातल्या जॉन लेनन-पॉल मॅकार्टनींनी पहिली तबकडी केली, तीत क्रिकेट्सचंच ‘दॅट’ल बी द डे’ होतं. क्रिकेट म्हणजे रातकिडा, बीटल म्हणजे भुंगा: पुढे ‘बीटल्स’ हे किड्याचं नावही क्रिकेट्सवरूनच सुचलं.

एक कळकळीची विनंती, बडीची नंतरची, व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांची साथ घातलेली गाणी आत्ताच नको. आधी 1957 ची ऐक.